येथे गीत खंडित

चारुता : पृष्ठ चौऱ्याऐंशी. हे घ्या, तुम्हीच वाचा.

प्रणित : पाठ आहे मला, मॅडम.

चारुता : मग मोठ्यानं म्हणा. फोटोखाली काय छापलंय?

प्रणित : चहा तर घ्या आधी. नवीन पनवेलवरून विचुंब्याला यायचं म्हणजे रिक्षावाल्यानं उगाच गावभर फिरवलं असेल...

चारुता : प्रणित.

प्रणित : ‘धवलारीण भामाबाई.’ झालं समाधान?

चारुता : आणि नेटवरच्या विश्वकोशात तुम्ही काय लिहिलंत? थांबा, पान उघडते. ऐका.

पान : चंद्रावती मढवी (मृत्यू २०२२) या विचुंबे येथील नामवंत धवलारीण होत्या. आगरी लग्नांत विधींसोबत गायिल्या जाणाऱ्या धवल्यांच्या त्या थोर गायिका व रचनाकार होत. त्यांची गीते डॉ. दीनानाथ कारखानीस यांनी आपल्या ग्रंथात संकलित केली आहेत. [१]

चारुता : तो शेवटचा आकडा बघा, कंसातला, संदर्भाचा. अख्खं पान त्या एकावर उभं आहे. आणि तो खोटा आहे. या पुस्तकात चंद्रावती हे नाव कुठेच नाही. मी शेवटची सूचीसुद्धा पाहिली.

प्रणित : नाव नाही. आई आहे.

चारुता : हे वाक्य छान आहे. पान ठेवायचं की काढायचं, त्या चर्चेत चालत नाही.

प्रणित : पुस्तक चुकलंय, मॅडम! फोटो काकीचा, नाव काकीचं, गाणी माझ्या आईची. मी लहानपणापासून ऐकतोय ती.

चारुता : मग तसं लिहायचं होतंत, की पुस्तकाबद्दल माझी तक्रार आहे. तुम्ही पुस्तकाच्या तोंडी तुमच्या आईचं नाव घातलंत. कुणी उघडून बघणार नाही अशा हिशेबानं.

प्रणित : कुणी बघतं का पण? खरं सांगा.

चारुता : मी बघते. लायब्ररीतून आणलं, वाचलं. आज संध्याकाळी मला ही चर्चा बंद करायचीय. तिघांनी ‘पान काढा’ म्हणून मत दिलंय. एकानं लिहिलंय, घरगुती श्रद्धांजली.

प्रणित : वाचलं मी. तो कोण, नागपूरचा का कुठला. त्याला धवला काय माहीत? हळदीला डीजे लावतात एवढंच त्याला ठाऊक असेल आमच्याबद्दल.

चारुता : त्याला माहीत नसेल, पण त्याचा प्रश्न बरोबर आहे. या बाई उल्लेखनीय आहेत, हे घराबाहेरच्या कुणी कुठे लिहून ठेवलंय? रोज अशी पानं येतात माझ्याकडे. सुप्रसिद्ध गायक म्हणे, आणि पुरावा काय, तर वाढदिवसाच्या बॅनरचा फोटो. बॅनर त्यानंच लावलेला.

प्रणित : मॅडम, एक काम करा. तुमच्या फोनवर आईचं नाव टाका. चंद्रावती, विचुंबे. टाका ना.

चारुता : टाकलंय मी. आधीच.

प्रणित : काय आलं?

चारुता : चंद्रावती हाइट्स.

प्रणित : टू बीएचके, सेमी फर्निश्ड, स्टेशनपासून दहा मिनिटं. जमीन आमची गेली, बिल्डरनं उपकार म्हणून नाव आईचं दिलं. आता आईला शोधायला गेलं की पार्किंगचे फोटो येतात. माझी मुलगी परवा विचारते, पप्पा, आजी बिल्डिंग होती का? कळंबोलीत ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसून मी दोन महिने ते पान लिहिलं. रोज थोडं थोडं. गाड्या भरेपर्यंत.

चारुता : मला तुमची आई खोटी वाटत नाही हो.

प्रणित : मग ठेवा ना.

चारुता : संदर्भ खोटा आहे.

भामा : कोन आयलाय रं? चपला बायकी दिसतात.

प्रणित : ये काकी. बस. या चारुता मॅडम. विश्वकोशाच्या. म्हणजे... नेटवर सगळ्यांची माहिती असते ना, त्यातलं काय ठेवायचं नि काय काढायचं ते या बघतात.

भामा : नेटवर मी पन हाय म्हनं. सत्काराची पोरं बोलत व्हती. बाई, तुमी सनवारी यालच. नाट्यगृहात हाय सत्कार माजा. शाल कनच्या रंगाची पायजे ते पन इचारलान मना. कधी कोनी इचारतंय काय शालीचा रंग?

चारुता : नमस्कार मावशी. या पुस्तकातला फोटो तुमचाच ना?

भामा : बगू. हां. मीच. केस बग कवरं व्हते.

प्रणित : काकी, सरळ सांग मॅडमना. यातली गाणी कोणाची?

भामा : पुस्तकात काय लिवलाय?

प्रणित : तुझं नाव.

भामा : मंग माजीच.

प्रणित : काकी!

भामा : वरडू नको. पावण्या बाईसमोर वरडतंस.

प्रणित : आई पडवीत बसून शब्द जुळवायची ते मी बघितलंय. तू नुसती मान हलवायचीस. सगळ्या घराला माहितीय. नि तू तोंडावर सांगतेस, माजीच?

भामा : दीनानाथ सर आयले तवा तू व्हतास का इचारायला?

प्रणित : नव्हतो.

भामा : व्हतास. पन नसल्यासारका.

चारुता : मावशी, एक मिनिट. प्रणित, तुम्हीही. मी इथे आले हेच मुळात नियमाला धरून नाही. ज्यांच्यावर पान आहे त्यांच्या घरी जाऊन चहा घ्यायचा नसतो. तरी आले. कारण मला काहीतरी सापडलंय, आणि ते मला एकटीला ठरवता येत नाहीये.

प्रणित : काय सापडलं?

चारुता : डॉक्टर कारखानीस वारले, त्यांच्या ध्वनिफिती विद्यापीठाकडे गेल्या. गेल्या वर्षी विद्यापीठानं त्या नेटवर चढवल्या. विचुंब्याची फीत आहे त्यात. ऐकायची का, मावशी?

भामा : ...माजा आवाज?

चारुता : तुमचा. आणि आणखी एक.

(चारुता फोन टेबलावर ठेवते. खरखर, एक कोंबडा, मग एका पुरुषाचा आवाज.)

फीत : बाई, आधी नाव सांगा.

फीत : भामा मढवी.

फीत : हं. म्हणा आता. घाबरू नका.

फीत : मिठागराच्या बांधावरी कोन उबा ग... नवरीचा बाप उबा, डोई छत्री ग... मिठागराच्या बांधावरी... बांधावरी...

फीत, लांबून : कोन उबी ग.

फीत : कोन उबी ग... नवरीची आय उबी...

फीत, लांबून : वटी भरली ग.

फीत : आय उबी, वटी भरली ग...

फीत, लांबून : मिठागराच्या बांधावरी कोन बसली ग. करवली बसली, हाती...

फीत : बाळ रडतंय वाटतं आत. ...थांबलात का बाई? पुढे?

फीत : येवराच हाय.

चारुता : एवढंच आहे. पुस्तकात या गाण्याखाली तळटीप आहे. ‘येथे गीत खंडित. पुढील कडवे परंपरेतून लुप्त झाले असावे.’

प्रणित : परत लावा.

चारुता : प्रणित...

प्रणित : लांबचा आवाज. तेवढाच. परत लावा.

फीत, लांबून : कोन उबी ग.

प्रणित : आई आहे ती.

भामा : बंद कर ते. बाई, बंद करा.

चारुता : आत कोण होतं, मावशी?

भामा : लोकांच्या घरात कोन आत नि कोन भायेर, ते पन आता नेटवर टाकाचा काय?

चारुता : नाही सांगितलंत तरी चालेल.

प्रणित : नाही चालणार! काकी, बोल.

भामा : बोल काय, बोल? तुला वाटतंय मी चोरली? ...याचा बाप, बाई, कलंबोलीच्या लोखंड बाजारात जेला. क्रेनचा दोर तुटला. यो पोटात व्हता. आमच्यात तवा नवरा जेलेली बाई वरीसभर धवला तोंडात घेत नसं. लगनाचा गाना तो. कोनी आयकला तं म्हनतील, हिनं आमच्या मांडवात यम बोलावला. नि त्याच वरसात पोफेसर आयला मशीन घेऊन.

चारुता : आणि गाणी त्यांना येत होती.

भामा : मना निम्मी येत नव्हती. पोफेसरला कोनीतरी सांगितला, मढवींच्या घरात जा. आता आयलेल्या मानसाला काय, परत पाठवाचा? ती म्हनली, भामे, तू म्होरं बस, मी आतून शबूद देतंय. दाराला परदा लावला. मी बसलू.

प्रणित : आणि नाव तुझं सांगितलंस.

भामा : मंग कोनाचा सांगू? तिचा सांगितला असता नि पुस्तकात आयला असता, तं कनच्या घरानं तिला पुन्ना मांडवात घेतला असता? नवऱ्याच्या सुतकात लगनाची गानी गायली म्हनून थुकली असती लोकं. मी माजा नाव तिच्यावर पांगरून घातला.

प्रणित : आणि वर्ष सरल्यावर? पांघरूण काढायचं राहूनच गेलं?

भामा : वरीस सरला, ती आयली मांडवात. माज्या शेजारी बसाची. तवर पुस्तक आयलेला. लोकं मना बोलवाया यायची. भामाबाय पायजे, पुस्तकातली. शबूद ती द्याची, मी उचलाची. दोघींनी म्हनाचा असतंय धवला, एकटीचा नसतंय. पन मानसांना म्होरं बसलेली दिसतंय.

चारुता : त्यांनी कधी काही म्हटलं नाही?

भामा : कवा नाय. हसाची. म्हनाची, भामे, तुजा गला नि माजा डोका.

प्रणित : मागितलं असतं, तर दिलं असतंस?

भामा : बाई, चाय थंड झायली तुमची.

प्रणित : बघितलंत? ऐकलंत ना मॅडम? आता तरी झालं? फीत आहे, काकी स्वतःच्या तोंडानं बोलली. ठेवा पान.

चारुता : नाही ठेवता येत.

प्रणित : काय?

चारुता : फितीत दुसरा आवाज आहे. तो कुणाचा, हे फितीत कुणीच बोलत नाही. मी ऐकून ठरवलं तर ते माझं संशोधन, तुम्ही ठरवलंत तर मुलाची माया. दोन्हींवर लेख उभा राहत नाही. आणि मावशी जे बोलल्या ते या खोलीत बोलल्या. ते कुठे छापून आलेलं नाही.

प्रणित : म्हणजे छापलेली चूक खरी. आणि खरं बोललं, तर त्या गप्पा.

चारुता : हो. ऐकायला वाईट वाटतं, माहितीय मला.

प्रणित : वाईट नाही मॅडम, भंकस वाटतं.

चारुता : उलट करून बघा. उद्या दुसरा कुणी येईल आपल्या काकीला घेऊन, तीही रडेल, आणि सांगेल की ती गाणी चंद्रावतीची नव्हेत, आमच्या आईची. मी काय करू? कोण जास्त रडलं ते मोजू? मागे मी एकदा दया दाखवली. एका मुलानं आजोबांना पखवाजाचे पंडित केलं होतं. राहू दे म्हटलं, म्हातारा खूश होईल. एका पेपरनं आमच्या पानावरून ते उचललं. मग तीच बातमी आमच्या पानावर पुरावा म्हणून आली. आम्ही त्यांच्याकडे बोट दाखवतो, ते आमच्याकडे. आजोबांनी पखवाजाला हात लावला होता की नाही, हे आता देवालाही सांगता यायचं नाही. त्यात ज्यांनी खरंच आयुष्य घातलं, त्यांचंच नाव पातळ होतं, प्रणित. तुमच्या आईसारख्यांचं.

(प्रणित फोनवर काहीतरी टाइप करतो.)

चारुता : ऐकताय ना? फोनमध्ये काय चाललंय तुमचं?

प्रणित : काही नाही.

चारुता : माझ्याकडे सूचना आली आत्ता. पानावर बदल झालाय. तुमच्या खात्यावरून.

पान : चंद्रावती मढवी या विचुंबे येथील नामवंत धवलारीण होत्या. त्यांची गीते त्यांच्या जाऊबाई भामा मढवी यांनी आयुष्यभर स्वतःच्या नावावर खपवली.

चारुता : फोन खाली ठेवा.

प्रणित : खोटं आहे का?

चारुता : जिवंत बाईबद्दल, पुराव्याशिवाय, रागाच्या भरात. आपल्याकडे याहून मोठा गुन्हा नाही. मी काढलं ते. पुन्हा टाकलंत तर खातं कायमचं बंद करीन, आणि आईचं पानही जाईल. आत्ताच्या आत्ता.

प्रणित : बंद करा! सगळंच बंद करा.

भामा : काय लिवलान माज्यावर?

चारुता : काही नाही मावशी. काढलं मी.

भामा : वाचा.

चारुता : खरंच नको...

भामा : बाई, मना वाचता येत नाय म्हनून तुमी मना आतल्या खोलीत बसवू नका. वाचा.

चारुता : ‘त्यांची गीते त्यांच्या जाऊबाई भामा मढवी यांनी आयुष्यभर... स्वतःच्या नावावर खपवली.’

भामा : खपवली.

प्रणित : काकी, मी...

भामा : बाजारात मासली खपवतात तसा.

प्रणित : रागात लिहिलं गं.

भामा : कोनी कोनी वाचला आसंल?

चारुता : दोन मिनिटं होतं. कदाचित कुणीच नाही.

भामा : फोन वाजतंय. कोनाचा?

प्रणित : तुझा. सत्कार समितीचा हृतिक. मी सांगतो त्याला नंतर कर म्हणून.

भामा : दे इकरं. ...हां, हृतिक, बोल. ...बॅनर छापाला चाललास? ...फोटू कनचा? थांब. ...थांब म्हनला ना. प्रणित, तुज्या आयचा फोटू हाय तुज्या मोबाइलमदी? हिरव्या लुगड्यातला, माज्या शेजारी बसलेली तो.

प्रणित : आहे. कशाला?

भामा : याला पाठव. ...हां, हृतिक, एक फोटू येल तुला, दोघी हाव त्याच्यात. दोन नावं टाक. पयला चंद्रावती. ...चंद्रावती मढवी. ...बिल्डिंग नाय रं मेल्या, बाई! माजी जाव. ...मेली तं काय झायला? तुमच्या बॅनरवर मेलेले पुढारी चालतात, बाई चालत नाय? ...हां. तिच्या नावाखाली लिव, गानारी. ...माज्याखाली? ...माज्याखाली लिव, संगतीला. ...काय, जागा नाय? मंग माजा नाव लान कर. ...समितीच्या साहेबांना मी सांगतंय. तू छाप. ठेव.

प्रणित : काकी.

भामा : फोटू जेला?

प्रणित : गेला. काकी, लोक विचारतील शनिवारी. ही मधेच कोण आली म्हणून.

भामा : इचारू दे. माइक देनार हायत ना माज्या हातात? जसा झायला तसा सांगेन. परद्यापासून.

प्रणित : आणि ते सुतकाचं? त्या वर्षीच्या फितीचं?

भामा : आता कोन थुकनार? ती जेली. माज्यावर थुकतील, भामानं येवरी वरसा फुकटच्या शाली घेतल्या म्हनून. थुकू दे. ...शाल मातर मी जांबली सांगितलीय. ती काय परत देनार नाय.

चारुता : मावशी, एक सांगू? बॅनर पुरावा म्हणून चालत नाही.

भामा : ठावा हाय. मघाशी दारातून आयकला मी, बॅनरचा फोटू लावतात म्हनून हसत व्हतात. पन त्या बॅनरखाली पेपरवाले बसतील ना खुर्च्या टाकून? त्यांचा तं चालतंय?

चारुता : त्यांनी छापलं, तर. त्यांनी आणखी दोघाचौघांना विचारून छापलं, तर जास्त. आणि ते पानावर प्रणितनं लावायचं नाही, तिसऱ्यानं कुणीतरी लावायचं. तरी एका बातमीवर पान टिकेलच, असं मी म्हणणार नाही.

भामा : नका म्हनू. तुमी तुमचा काम करा.

प्रणित : आणि आज संध्याकाळी?

चारुता : आज मी तुमचा खोटा आकडा काढणार. तो राहणार नाही. चर्चा आठ दिवस पुढे ढकलते, कारण लिहिते की नवी माहिती प्रसिद्ध होण्याची शक्यता आहे. तो नागपूरचा भांडेल माझ्याशी. भांडू दे. ...हं. आता वाचते, कसं दिसतंय ते.

पान : चंद्रावती मढवी (मृत्यू २०२२) या विचुंबे येथील धवलारीण होत्या. [संदर्भ हवा]

प्रणित : एवढंच उरलं?

चारुता : ‘नामवंत’ काढलं. ‘थोर’ काढलं.

प्रणित : ‘रचनाकार’ पण.

चारुता : तेही. ते परत आलं तर बाहेरून येईल. मी किंवा तुम्ही घालून नाही.

प्रणित : काकी, मी जे लिहिलं ते...

भामा : बाईंनी पुसला ना? मंग झायला. बायकोला सांग, दुसरी चाय टाक म्हनावं. या बाईंनी घोट पन घेतला नाय.

चारुता : मावशी, नियमात बसत नाही, पण विचारते. मी हे कुठे लिहिणार नाही. ते कडवं. ‘करवली बसली, हाती...’ हाती काय?

भामा : सनवारी आयका. सगला म्हननार हाय मी.

प्रणित : मग सरांना का नाही म्हणून दाखवलंस? ‘येवराच हाय’ का म्हणालीस? त्यांनी खंडित लिहिलं, लुप्त लिहिलं.

भामा : मना तवा येत नव्हता, तिनं सांगितल्याबिगर. नि ती उठून जेली. तू रडत व्हतास. तू पिऊन निजलास, तवर सरांची एस्टी सुटली व्हती.